‘पहिली रायफल? सगळ्यात स्वस्त एआर घे’ या सल्ल्याचा मुद्देसूद प्रतिवाद

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींत एक सल्ला गेली काही वर्षं हातोहात फिरतोय. घर घेऊन झालं, ऑफिसातला एखादा सहकारी शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला, आणि पहिली सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी) रायफल घ्यायचा विचार डोक्यात आला, की कुणीतरी तो ऐकवतंच. सल्ला असा: पैसे बेताचे असतील तर दुकानातली सगळ्यात स्वस्त एआर-१५, म्हणजे लष्करी रायफलीच्या धर्तीची नागरी सेमी-ऑटो, उचला. सगळ्या एआर एकाच मापाच्या, ‘मिल-स्पेक’, म्हणजे लष्करी मापदंडाच्या. जास्त पैसे म्हणजे निव्वळ नावाचे पैसे. .२२, म्हणजे बारीक गोळीची रायफल, हे पोरांचं खेळणं, त्यावर खर्च करू नका. एआर जमत नसेल तर जुनी, सोव्हिएत आराखड्याची लष्करी एसकेएस घ्या, ती स्वस्तही आणि दणकटही. बाकीचं नंतर हळूहळू बदलता येतं. ग्रीन कार्ड नसलं तरी शिकारीचा परवाना काढला की झालं, नाहीतर मित्राच्या नावावर घ्या. राज्याचे नियम दुकानदार बघून घेतो.

मी टेक्सासात राहतो आणि रेंजवर नवशिक्यांना शिकवायला मदत करतो. या सल्ल्यातलं बहुतेक सगळं चुकीचं आहे, एकदोन गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत. उत्तर देताना क्रम मात्र उलटा घेतो. चुकीची रायफल घेतली तर पैसे जातील. परवाना, मित्राचं नाव आणि दुकानदार या शेवटच्या तीन गोष्टींवर विश्वास ठेवला तर या देशातलं राहणंच जाऊ शकतं.

‘शिकारीचा परवाना काढला की झालं’

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायमच्या वास्तव्याचे नसलेले, व्हिसा. फेडरल कायद्याचं कलम ९२२(जी)(५) सांगतं की अशा व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचं नाही. बंदी फक्त खरेदीवर नाही, बाळगण्यावर आहे. रेंजवर भाड्यानं घेतलेली रायफल अर्धा तास हातात धरली, तरी ते बाळगणंच. ‘विकत थोडीच घेतली, नुसती चालवून बघितली’ असं म्हणणारे कितीतरी जण मला भेटतात. त्यांना मनापासून सांगतो, हा फरक कायदा मानत नाही.

आता सल्ल्यातला खरा भाग. त्याच कायद्यात अपवाद आहेत, आणि अमेरिकेत रीतसर दिलेला शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक. पण तो परवाना मुदतीचा असतो. टेक्सासचा वार्षिक परवाना कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरला नवा परवाना हातात नसेल, तर कपाटात पडून असलेली तीच रायफल त्या सकाळी फेडरल गुन्हा ठरते. तुम्ही तिला हातही लावलेला नसतो. २०२२ पासून या कलमाखाली १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा ‘काढला की झालं’ हे साफ खोटं आहे. तो परवाना रायफल घरात असेपर्यंत एकही दिवस खंड न पडता जिवंत ठेवावा लागतो, आणि नोकरी बदलताना, व्हिसा बदलताना वकिलाला विचारावं लागतं.

हे कागदावरचं भय नाही. सर्वोच्च न्यायालयात २०१९ मध्ये निकाल लागलेला रेहाइफ खटला बघा. संयुक्त अरब अमिरातीचा एक तरुण विद्यार्थी व्हिसावर फ्लोरिडात शिकायला आला. गुण कमी पडले म्हणून विद्यापीठानं त्याला काढून टाकलं, त्याबरोबर व्हिसाचा दर्जाही गेला. नंतर तो एका रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला. त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. आपला दर्जा बेकायदा आहे हे त्याला ठाऊक होतं, हे सरकारनं सिद्ध करायला हवं, असं न्यायालयानं सांगितलं आणि निकाल त्याच्या बाजूनं फिरवला. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं ते एका दिवसाच्या नेमबाजीपायी. आपल्याकडून मास्टर्सला आलेली पोरं ‘थँक्सगिव्हिंगला सगळे रेंजवर जाऊ’ म्हणतात, तेव्हा मला हा खटला आठवतो.

ग्रीन कार्ड असेल तर खरेदी करता येते. बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते, राहत्या राज्याचा पुरावा द्यायचा. पण ग्रीन कार्डवाल्यांनीही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. इमिग्रेशनच्या कायद्यात शस्त्रांच्या गुन्ह्यांसाठी वेगळं कलम आहे. शस्त्र बेकायदा विकत घेतल्याबद्दल, विकल्याबद्दल किंवा बाळगल्याबद्दल दोषी ठरलात, तर देशातून काढून टाकता येतं. शिक्षा किती झाली हा पुढचा प्रश्न, दोषी ठरणं पुरेसं आहे. अमेरिकन नागरिकाला ज्यात दंड भरून सुटता येईल, त्यात तुमचं वीस वर्षांचं बस्तान उठू शकतं.

‘नाहीतर मित्राच्या नावावर घ्या’

मित्राच्या नावावर फोनचं कनेक्शन घेण्यासारखं हे नाही. फॉर्म ४४७३ वर सरळ प्रश्न असतो: खरा खरीददार तुम्हीच का? दुसऱ्यासाठी, दुसऱ्याच्या पैशानं घेत असताना ‘हो’ लिहिलंत की गुन्हा तिथंच घडला. अब्राम्स्की नावाच्या माजी पोलिसानं आपल्या काकांसाठी पिस्तूल घेतलं. काकांवर कसलीही बंदी नव्हती, ते स्वतः दुकानात जाऊन घेऊ शकले असते. तरीही २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुतण्याची शिक्षा कायम ठेवली. जिथं काका स्वतः पात्र असूनही सुटका झाली नाही, तिथं ज्याला बाळगायचीच बंदी आहे अशा एच-१बीवाल्या मित्रासाठी घेणाऱ्याचं काय होईल? २०२२ च्या कायद्यानं अशा खरेदीसाठी वेगळा गुन्हाच लिहिला आहे, १५ वर्षांपर्यंत कैदेचा. स्वतःच्या पैशानं घेऊन, बंदी नसलेल्या माणसाला खरोखर भेट देणं वेगळं. ते चालतं.

‘राज्याचे नियम दुकानदार बघतो’

तो बघतो, पण फक्त आजच्या विक्रीपुरते आणि स्वतःच्या राज्यापुरते. आपली माणसं नोकरीपायी राज्यं बदलतात. डॅलसहून एडिसनला, ऑस्टिनहून सनीव्हेलला, अटलांटाहून सिअ‍ॅटलला. टेक्सासात दुकानातून सरळ घरी आलेली एआर आणि तिच्याबरोबरची ३० गोळ्यांची मॅगझिन सामानाच्या ट्रकमधून न्यू जर्सीत उतरवलीत, तर दोन वेगवेगळे गुन्हे एकाच खोक्यातून उतरतात. तिथं मॅगझिनला २०१८ पासून १० गोळ्यांची मर्यादा आहे आणि एआर जातीच्या रायफलींवर त्याच्याही आधीपासून बंदी आहे. कॅलिफोर्नियातही १० ची मर्यादा, खरेदीनंतर १० दिवस थांबणं, आणि कुठल्या बनावटीची एआर चालेल याची लांबलचक व्याख्या. इलिनॉयनं जानेवारी २०२३ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्यानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये अशा रायफलींची विक्री बंद केली. या कायद्यांवर खटले चालू असतात, निकाल फिरतात, म्हणून सामान बांधायच्या आठवड्यात त्या राज्याचा त्या दिवशीचा नियम बघावाच लागतो.

.२२ घेतली म्हणजे सगळ्यातून सुटका, असंही कुणी समजू नये. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२२ पासून सेमी-ऑटोमॅटिक रायफल विकत घ्यायला वेगळा परवाना लागतो. वॉशिंग्टनमध्ये साधी सेमी-ऑटो .२२ घ्यायलाही वय २१ आणि प्रशिक्षणाचा दाखला लागतो. कॅनडातल्यांसाठी तर हा सल्ला मुळातच बाद आहे, तिथं १ मे २०२० च्या आदेशानं एआर-१५ वर बंदी आली.

इथवर कायदा. यातून जो पार पडतो, त्याच्यासाठी पुढचं.

‘.२२ हे पोरांचं खेळणं’

या सल्ल्यातलं सगळ्यात घातक वाक्य हेच, आणि नवशिक्यांचं सगळ्यात जास्त नुकसानही यानंच होतं.

आधी ‘खेळणं’. .२२ एलआर, म्हणजे .२२ चं नेहमीचं काडतूस, त्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत इशारा छापलेला असतो, की ही गोळी मैल-दीड मैलापर्यंत धोकादायक आहे. अडीच ग्रॅमचं शिसं नळीच्या तोंडातून सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगानं सुटतं. तिच्यानं माणूस मरतो. ज्या घरात तिला खेळणं म्हणतात, त्या घरात ती दाराआड उभी करून ठेवलेली असते.

आता ‘पोरांचं’. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) ऑलिम्पिक कांस्य मिळवलं, ४५१.४ गुणांनी. ते याच .२२ च्या काडतुसावर. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून करायच्या नेमबाजीत, विश्वविजेत्या झाल्या, त्याही याच काडतुसावर. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. त्यांच्या रायफली एकेक गोळी भरायच्या, खास बनवलेल्या आणि महागड्या, सेमी-ऑटो नव्हेत, हे खरं. पण गोळी तीच, आणि श्वास सोडून, ट्रिगर हलक्या हातानं मागं आणून, बार झाल्यावरही नजर हलू न देणं, हे कसबही तेच. कसब अंगी लागतं ते शेकडो गोळ्यांनी. म्हणून मुद्दा येऊन ठेपतो गोळीच्या भावावर.

सध्या .२२ एलआर साधारण ७ ते १० सेंटला एक पडते. एआरला लागणारी ५.५६ किंवा .२२३ साधारण ४० ते ६० सेंटला. महिन्याला २०० गोळ्या झाडणं म्हणजे फार नाही, दोन निवांत दुपारी. ८ सेंटच्या हिशेबानं महिना १६ डॉलर, ५० सेंटच्या हिशेबानं १००. वर्षाचे १९२ विरुद्ध १,२००. हजार डॉलरचा फरक, म्हणजे रायफलीच्या किमतीहूनही जास्त, आणि तो दर वर्षी. ‘बजेट’ म्हणून ज्यानं ४५० डॉलरची एआर घेतली, तो सहा महिन्यांत रेंजवर यायचा बंद होतो. रायफल वाईट असते म्हणून नाही. दर महिन्याला शंभराची नोट जाते म्हणून. हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे, आणि हळहळ वाटते, कारण शिकायची इच्छा त्या माणसात खरी असते.

दुसरं कारण कानांचं. एआरचा खांद्याला बसणारा धक्का फारसा नसतो, हे तिच्या बाजूनं कबूल करायला हवं. त्रास होतो तो आवाजाचा आणि नळीच्या तोंडाशी उठणाऱ्या हवेच्या झोताचा, त्यातही छताखालच्या रेंजवर. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कान कायमचा बिघडवू शकतो, आणि ५.५६ त्याच्या बरीच वर असते. नवशिका त्या दणक्याला घाबरतो. डोळे मिटतात, ट्रिगर ओढायच्या ऐन क्षणी खांदा पुढं ढकलला जातो, गोळी खाली-डावीकडं जाते. ही सवय दोन दिवसांत लागते आणि सुटायला वर्ष घेते. .२२ वर ती लागत नाही.

मग कुठली? माझं उत्तर रुगर १०/२२. ही १९६४ पासून बनते आहे, वजन पाच पौंडांच्या आसपास, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन खालून सपाट बसतं. साधं मॉडेल साधारण तीनशे डॉलरला मिळतं. सुटे भाग कुठल्याही गावात सापडतात. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी शिकून घ्यायची. शेवटची गोळी उडाली तरी साध्या १०/२२ चा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) मागं अडकून राहत नाही, पुढं येऊन बसतो. बाहेरून बघितलं तर रिकामी आणि भरलेली रायफल सारखीच दिसते. म्हणून प्रत्येक वेळी मॅगझिन काढायचं, बोल्ट मागं ओढून अडकवायचा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या कप्प्यात, डोळ्यानं बघायचं, आणि उजेड कमी असेल तर करंगळीनं चाचपायचं. ही शिस्त ज्याच्या हाताला लागली, त्याच्या हातात पुढं कुठलीही रायफल द्यायला मला भीती वाटत नाही.

आणि घरी आल्यावर आधी थंड पाण्यानं, साबणानं हात धुवा. .२२ ची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते, ठिणगीच्या मसाल्यातही शिसं असतं. त्याच हातानं पोराला उचलू नका.

‘सगळ्या एआर सारख्याच, मिल-स्पेक’

इथं अर्धं सत्य आहे. मूळ पेटंट १९७७ मध्ये संपलं, तेव्हापासून कितीतरी कारखाने एआर बनवतात आणि एकाचे भाग दुसऱ्याला बहुतेक वेळा बसतात. माप जुळतं. पण माप जुळणं वेगळं आणि पोलाद, त्यावरची प्रक्रिया, त्याची तपासणी वेगळी. लष्कराच्या रायफलीच्या बोल्टला ठरावीक पोलाद लागतं, नेहमीपेक्षा जास्त दाबाची गोळी झाडून तो पारखला जातो, मग चुंबकीय तपासणीत सूक्ष्म चिरा शोधतात. बाजारातल्या खोक्यावर ‘मिल-स्पेक’ लिहिलेलं असतं, ते पुष्कळदा एखाद्या नळकांड्याच्या व्यासापुरतंच खरं असतं. बाकीचं कारखान्याच्या इमानावर.

काउंटरवर एआर हातात आली तर तीन गोष्टी बघा. दुकानदाराला आधी ती रिकामी करून दाखवायला सांगा. पहिली, नळीवरचा छाप. .२२३ रेमिंग्टन, ५.५६ नाटो की .२२३ वाइल्ड? दोन्ही काडतुसं दिसायला जुळी, पण .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ झाडली तर दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. उलट बाजूनं चालतं. नवशिक्यानं ५.५६ किंवा वाइल्डचीच नळी घ्यावी, म्हणजे गोळी निवडताना चूक व्हायला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट बघायला बोल्ट कॅरियर (ज्यात बोल्ट बसतो तो भाग) बाहेर काढायला सांगा. त्याच्या माथ्यावर एक छोटी नळी दोन स्क्रूंनी बसवलेली असते, तिला गॅस की म्हणतात. नीट बनवलेल्या रायफलीत त्या स्क्रूंच्या डोक्यांभोवतीची धातूची कड ठोकून आत दाबलेली असते, खड्डे स्पष्ट दिसतात. नुसता ओरखडा असेल तर काही शे गोळ्यांनंतर स्क्रू ढिला होतो, गॅस निसटतो, बोल्ट पुरता मागं जात नाही आणि पुढचं काडतूस आत येत नाही. तिसरी, दस्त्याच्या मुळाशी असलेला कंगोऱ्यांचा नट. तोही तसाच ठोकून पक्का केलेला हवा. दोन मिनिटांचं काम आहे. पण ‘सगळ्या सारख्याच’ म्हणणारा हे बघतच नाही.

पामेटो स्टेट आर्मरी या कंपनीच्या साध्या एआर, स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५ स्पोर्ट, रुगरची एआर-५५६ या पाचशे ते आठशे डॉलरच्या टप्प्यातल्या रायफली आहेत आणि हौशी माणसाला पुरेशा आहेत. त्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. स्वस्त आणि चांगली एआर असते. ‘सगळ्यात स्वस्त’ ती असेलच, असं मात्र नाही.

‘एसकेएस घ्या, स्वस्त आणि दणकट’

हे वाक्य तीस वर्षांपूर्वी खरं होतं. सिमोनोव्हनं १९४५ मध्ये रचलेली ही रायफल दणकट आहेच, दहा गोळ्यांचं बांधीव मॅगझिन, ७.६२×३९ चं काडतूस. नव्वदीच्या सुरुवातीला चिनी एसकेएस शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळायच्या. १९९४ मध्ये चीनमधून येणाऱ्या बंदुका आणि गोळ्या अमेरिकेनं बंद केल्या. नंतर युगोस्लाव्हियाच्या आल्या, त्याही संपत आल्या. आज बरी एसकेएस पाचशेच्या पुढंच जाते, म्हणजे नव्या एआरच्या भावात जुनी रायफल. तिची स्वस्त रशियन गोळी हे दुसरं आकर्षण होतं, तेही गेलं: नव्या आयातीचे परवाने ७ सप्टेंबर २०२१ पासून थांबले. ती आता ५.५६ पेक्षा स्वस्त उरलेली नाही. शिवाय पोलादी कवचाच्या गोळ्या छताखालच्या कित्येक रेंजवर चालत नाहीत. दारातच चुंबक लावून बघतात आणि परत पाठवतात.

नवशिक्यासाठी धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. कोठारातून आलेली एसकेएस कॉस्मोलिन नावाच्या घट्ट तपकिरी ग्रीसमध्ये बुडवलेली असते. बोल्टच्या आतली फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळून ते पेटवणारी सुई) बहुतेक एसकेएसमध्ये स्प्रिंगशिवाय मोकळी असते. बोल्ट हलवला की ती खुळखुळलीच पाहिजे. ग्रीस आत सुकून ती पुढं चिकटली असेल, तर बोल्ट मिटताक्षणी ट्रिगरला हात न लावता गोळी सुटते, आणि पाठोपाठ दुसरीही. बोल्ट पूर्ण सोडवून साफ केल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नये. जुन्या साठ्यातल्या गोळ्यांच्या मसाल्यानं नळीत क्षार राहतात, ते हवेतली ओल ओढतात आणि युगोस्लाव्ह रायफलीच्या क्रोम नसलेल्या नळीला बघता बघता गंज चढतो. नुसतं तेल पुसून क्षार जात नाहीत, पाण्यानंच धुवावे लागतात. ज्याला जुन्या यंत्रांचा नाद आहे त्यानं एसकेएस जरूर घ्यावी, पण दुसरी म्हणून.

‘नंतर हळूहळू बदलता येतं’

एआरबद्दल हे खरं आहे. एसकेएसबद्दल जपून: आयात रायफलीचा दस्ता, मॅगझिन बदलताना परदेशी भागांची संख्या मोजणारं ९२२(आर) हे कलम आड येतं.

पण ‘नंतर’ म्हणताना ‘आधी’ लागणाऱ्या गोष्टी विसरल्या जातात. हातात ८०० डॉलर आहेत असं धरा. १०/२२ ला ३००. कानांवरचे मफ आणि आतले प्लग मिळून ६०. चष्मा १५. पोलादी कुलूपबंद कपाट १५०. एखादा चांगला प्राथमिक वर्ग १००. उरलेल्या पैशात दोन हजार गोळ्या येतात, जवळजवळ वर्षभर पुरतील इतक्या. तेच ८०० घेऊन पाचशेची एआर घ्या. स्वस्त एआरवर पुष्कळदा नेम धरायचं साधनच नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं. तेही बाजूला ठेवू. मफ, चष्मा, कपाट यांचे २२५ वजा केले की उरतात ७५. म्हणजे दीडशे गोळ्या, आणि वर्ग नाही.

यात कपाटाला कात्री लावायचा मोह होतो. लावू नका. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात वयात आलेलं मूल असेल, भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी येऊन राहत असतील, कुणी मनानं खचलेलं असेल, तर रायफल आणि गोळ्या वेगवेगळ्या कुलपांत, आणि किल्ली फक्त तुमच्याजवळ. हे परवडत नसेल तर रायफल परवडत नाही.

एआर आधी घ्यावी असं कुणाला सांगेन? ज्याला शेतात धुमाकूळ घालणाऱ्या रानडुकरांच्या शिकारीला जायचं आहे, त्याला. तिथं .२२ चं काम नाही. ज्याच्या घरात किंवा शेजारी आधीच एक .२२ आहे आणि ती हवी तेव्हा मिळते, त्याला. एआरची ठेवणच अंगवळणी पाडायची असेल, तर स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ आहे. बटणं, मॅगझिन, ट्रिगर सगळं एआरच्या जागी, गोळी मात्र .२२ ची. १०/२२ पेक्षा शेदोनशे जास्त पडतात, पण खऱ्या एआरच्या मानानं गोळ्यांवर जे वाचतं त्यात ते दोनतीन महिन्यांत वसूल होतात. राज्याचा नियम बघून घ्यावी.

आणि यादीत आणखी एक वस्तू घाला, वीस-तीस डॉलरची एक वेगळी बॅग. .२२ चं काडतूस जेमतेम इंचभर लांब असतं, ते बॅगेच्या शिवणीत, खिशाच्या कोपऱ्यात सहज अडकून राहतं. तीच पाठपिशवी घेऊन कुणी डिसेंबरात घरी निघतं आणि मुंबईच्या विमानतळावर ते एक काडतूस क्ष-किरणांत दिसतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे न्यायालय पुढं मान्य करतंही, पण तोवर वकील, तारखा आणि बुडालेली रजा चुकत नाही. रेंजची बॅग फक्त रेंजवर न्या, आणि विमानाचं सामान भरताना ती गॅरेजमध्येच राहू द्या.